विश्लेषण : जुन्या विंडोजवर नवे सॉफ्टवेअर इन्स्टॉल का होत नाही? ते बसवण्याच्या नादात धोका कसा वाढतो?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ७ चा सपोर्ट तर १४ जानेवारी २०२० रोजीच संपला होता. तरीही डीटीपी सेंटर, झेरॉक्सची दुकाने, पॅथॉलॉजी लॅब, सोसायट्यांची कार्यालये अशा ठिकाणी विंडोज ७ चे संगणक आजही रोजचे काम करताना दिसतात. मशीन सुरू होते, प्रिंट निघते, तक्रार नसते. अडते ते नवे काही इन्स्टॉल करायला घेतल्यावर. मग एकामागोमाग एरर येतात आणि दिसेल तो उपाय केला जातो. खरा धोका बहुतेक वेळा या उपायांतूनच शिरतो.

सपोर्ट संपला म्हणजे नेमके काय बंद झाले?

संगणक बंद पडत नाही. बंद होतात ती सुरक्षा दुरुस्त्यांची पॅकेजेस, म्हणजे पॅच. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच प्रसिद्ध करते. विंडोजच्या नव्या आणि जुन्या आवृत्त्यांत बराच कोड सामाईक असतो. त्यामुळे नव्या आवृत्तीतील भोक बुजवले गेले, की ते भोक कुठे होते याचा माग पॅच उलगडून काढता येतो. तेच भोक जुन्या आवृत्तीत असेल, तर तिथे ते कायमचे उघडे राहते.

पाठोपाठ इतर कंपन्याही हात काढून घेतात. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० व्या आवृत्तीला किमान विंडोज १० लागते. पायथनची ३.९ पासूनची आवृत्ती विंडोज ७ वर चालत नाही. गेमसाठीच्या स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ सोडले. फायरफॉक्सने मात्र आपली ११५ वी दीर्घकालीन आवृत्ती या जुन्या संगणकांसाठी मुदती वाढवत बराच काळ चालू ठेवली.

इन्स्टॉल करताना एरर का येतात?

सगळ्यात आधी संगणकाचे घड्याळ पाहावे. जुन्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला, की संगणक दर वेळी सुरू होताना काही वर्षे मागच्या तारखेला जातो. मग प्रत्येक सुरक्षित वेबसाइटचे प्रमाणपत्र त्याला अवैध वाटते आणि ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. अशा वेळी ब्राउझर काढून पुन्हा टाकला, तरी काही उपयोग होत नाही. सेल बदलावा लागतो.

त्यानंतरचा नेहमीचा एरर म्हणजे अमुक डीएलएल फाइल सापडत नाही. ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ अशी सुरुवात असलेले नाव दिसले, तर विंडोज १० सोबत आलेला एक सामाईक घटक संगणकात नाही, असा त्याचा अर्थ. विंडोज ७ साठी तो केबी २९९९२२६ या अपडेटमधून मिळतो. त्याआधी सर्व्हिस पॅक १ असावा लागतो. ‘कर्नेल३२ मध्ये एंट्री पॉइंट सापडला नाही’ हा एरर दिसायला याच्यासारखाच, पण त्याला बहुतेक वेळा इलाज नसतो. सॉफ्टवेअर जे फंक्शन मागते आहे, ते जुन्या विंडोजमध्ये सहसा मुळातच नसते. दुसऱ्या संगणकातून ती फाइल आणून डकवली, तर विंडोज सुरू होणेच बंद होऊ शकते. अशा वेळी त्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती शोधण्यापलीकडे करण्यासारखे फारसे काही नसते.

सगळ्यात कमी माहिती असलेला अडथळा आहे डिजिटल सहीचा. फाइल खरोखर त्याच कंपनीची आहे आणि वाटेत बदललेली नाही, हे विंडोज सहीवरून ठरवते. पूर्वी या सह्या एसएचए-१ पद्धतीच्या होत्या. गूगल आणि नेदरलँड्समधील सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये या पद्धतीत दोन वेगळ्या फाइल्सचा ठसा एकच आणून दाखवला. पुढे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली अपडेट्स एसएचए-२ वर नेली. जुन्या डीव्हीडीवरून नुकतेच टाकलेले विंडोज ७ या नव्या सह्या ओळखत नाही. म्हणूनच ‘फॉरमॅट मारला की सगळे नीट होईल’ हा दुकानदाराचा सल्ला इथे उलटा पडतो. जुनी, चालू असलेली मशीन निदान काही अपडेट घेतलेली असते. फॉरमॅट केलेली मशीन अपडेटही स्वीकारत नाही.

यात क्रम महत्त्वाचा असतो. आधी सर्व्हिस पॅक १, मग केबी ४४९०६२८, त्यानंतर केबी ४४७४४१९. या दोन्ही फाइल्स मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून दुसऱ्या अद्ययावत संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हने आणणे सोपे पडते. डॉट नेट टाकताना प्रमाणपत्रांची साखळी जुळत नसल्याचा संदेश आला, तर मायक्रोसॉफ्टचे २०११ चे रूट प्रमाणपत्र संगणकात नाही, हे त्याचे नेहमीचे कारण.

धोका कुठून शिरतो?

एवढे कोणी करत बसत नाही. हरवलेल्या डीएलएलचे नाव टाइप केले, की ती फुकट देणाऱ्या अनोळखी साइट्स समोर येतात. ती फाइल कोणी बनवली, तिच्यात काय भरले, हे तपासायला वाव नसतो. आणि ती सिस्टीमच्या फोल्डरमध्ये टाकायची म्हणजे घराची किल्लीच द्यायची. क्रॅक आणि अ‍ॅक्टिव्हेटरची तीच गत. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही ज्याची पहिली सूचना, त्याच्या हेतूविषयी वेगळे काही सांगायला नको.

१२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने सुमारे १५० देशांतील संगणक गाठले, ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा विस्कळीत केली. त्या वेळी बोलबाला झाला विंडोज एक्सपीचा. प्रत्यक्षात बहुसंख्य बाधित संगणक विंडोज ७ चे होते, आणि त्यांच्यासाठीचा पॅच १४ मार्चलाच आला होता. तो टाकलेला नव्हता. आज विंडोज ७ साठी टाकायला पॅचच येत नाही. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्याने मर्स्क समूहाला तडाखा दिला आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील त्याच समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. नॉटपेट्या बाधित मशीनमधून पासवर्ड उचलून त्याच नेटवर्कवरच्या अद्ययावत मशीनवरही चढत होता. ‘जुना संगणक कोपऱ्यात पडला आहे, त्यावर महत्त्वाचे काही नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना सर्व एटीएम सपोर्ट असलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आणण्यासाठी जून २०१९ ची मुदत दिली होती. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपला होता. नियामकाचा वचक असलेल्या बँकांची ही गत, तर छोट्या दुकानदाराने टाळाटाळ केली यात नवल नाही.

मग लोक संगणक बदलत का नाहीत?

प्रत्येक वेळी तो निष्काळजीपणा नसतो. मराठी डीटीपीचे मोठे काम वर्षानुवर्षे पेजमेकर आणि श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरवर झाले. त्यातील मजकूर युनिकोडमध्ये नाही, काही प्रतींना डोंगल लागते आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालेलच असे नाही. लॅबमधील यंत्राला जोडलेल्या संगणकाचेही तसेच; संगणक बदलायचा तर यंत्राच्या कंपनीकडून नवे सॉफ्टवेअर घ्यावे लागते. त्यात विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. धडधाकट मशीन केवळ या अटीमुळे बाद ठरते. मायक्रोसॉफ्टची सुरक्षेची बाजू खरी असली, तरी त्याचा भुर्दंड ग्राहकानेच सोसायचा आहे.

आता काय करता येईल?

विंडोज १० वाल्यांसाठी कंपनीने वैयक्तिक वापराच्या संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट्सची योजना दिली आहे. त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ७ ला असा पर्याय उरलेला नाही. इंटरनेट हेच मुख्य काम असेल, तर त्याच मशीनवर लिनक्स मिंटसारखी प्रणाली चालते. डिजिटल सहीचा टोकन किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र आधी तपासून घ्यावे.

जुने सॉफ्टवेअर अडूनच बसले असेल, तर त्या मशीनची इंटरनेट केबल काढावी. बँक, जीएसटी आणि ईमेल दुसऱ्या संगणकावर. नेटवर्क ठेवणे भागच असेल, तर रिमोट डेस्कटॉप आणि एसएमबी-१ बंद करावे, रोजच्या कामाला अ‍ॅडमिन खाते वापरू नये. एसएमबी-१ बंद केल्यावर जुन्या स्कॅनरचे फोल्डरमध्ये स्कॅन करणे थांबू शकते, तेव्हा आधी करून पाहावे. बॅकअपची हार्ड डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी, कारण जोडलेली डिस्कही खंडणीखोर व्हायरस लॉक करतो. डीटीपीच्या फाइल्स मशीन चालू आहे तोवर पीडीएफ करून आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतलेल्या बऱ्या. डोंगलची प्रत काढता येत नाही.