पिसवा घरात, शिक्षा कुत्र्याला

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्या आठवड्यात सातवीतला एक विद्यार्थी आमच्या कार्यालयात आला. दोन्ही पायांवर गुडघ्यापर्यंत लाल पुळ्या. घरची मंडळी पंधरा दिवस पुण्याला आजीकडे गेली होती आणि मोती नावाचा त्यांचा कुत्रा शेजारच्या काकांकडे होता. परत येऊन कुलूप उघडले आणि तासाभरात पिसवांनी सगळ्यांचे पाय फोडून काढले. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी मोतीला बायपासच्या पलीकडे नेऊन सोडले. मुलाचा प्रश्न साधा होता, "सर, मोती तर घरात नव्हताच. मग त्याचा काय दोष?"

आम्ही वडिलांशी बोललो. ते भले गृहस्थ आहेत, लगेच शोधायला गेले. मोती तिथे नव्हता.

पालकहो, त्या मुलाचा प्रश्न आमच्या मते पूर्णपणे बरोबर होता. आपल्याला कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या पूर्ण वाढलेल्या पिसवा. जाणकारांच्या अंदाजाप्रमाणे त्या शंभरात जेमतेम पाच. बाकीच्या अंडी, अळी व कोश या रूपांत सतरंजीखाली, सोफ्याच्या खाचेत, फरशीच्या भेगांत आणि कुत्रा जिथे झोपतो तिथे असतात. एक मादी दिवसाला 40-50 पर्यंत अंडी घालते आणि ती केसांवर चिकटून न राहता खाली गळतात. कोशातली पिसू तर कित्येक महिने दम धरून बसते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि श्वास जाणवला की बाहेर उडी! बंद घर उघडताच फौज तुटून पडते ती यामुळे. पावसाळ्यातली दमट हवा त्यांना मानवते, म्हणून आपल्या माळव्यात हा त्रास उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त.

आम्हीही वर्षानुवर्षे रविवारी कुत्र्याला आंघोळ घालायचो, पावडर चोळायचो आणि काम झाले म्हणायचो. आठ दिवसांत पुन्हा खाजवणे सुरू. मग औषधच नकली म्हणून दुकानदाराशी भांडण! औषध नकली नव्हते, आम्ही अर्धेच काम करत होतो.

आणखी एक घोटाळा भाषेचा. आमचे कॉलेजचे शिक्षण हिंदी माध्यमातले. तिथे पुस्तकात पिस्सू वेगळा, किलनी वेगळी. मराठीतही पिसू वेगळी, गोचीड वेगळी. पण दुकानात आपण नुसते 'कीड़े हो गए हैं' म्हणतो आणि मिळेल ती बाटली घेऊन येतो. पिसू उडी मारते, गोचीड कातडीला चिकटून बसते. सगळी औषधे दोन्हींवर चालत नाहीत. शंका असेल तर बारीक दातांची फणी फिरवावी आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवावेत. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

मग करायचे काय? पशुवैद्याला विचारून औषध घ्यावे आणि घरात जितकी कुत्री-मांजरे असतील त्या सगळ्यांना एकाच दिवशी द्यावे. एकाला दिले व दुसऱ्याला नाही, तर पैसे पाण्यात. मानेवर टाकायचे थेंब केस बाजूला करून कातडीवरच पडले पाहिजेत. त्याच दिवशी कुत्र्याचे अंथरूण कढत पाण्यात धुवावे, सोफा ओढून मागचा केर काढावा आणि तो घरातल्या डब्यात न ठेवता लगेच बाहेर टाकावा. झाडणे रोजचे, औषध महिन्याच्या महिन्याला, निदान तीन महिने. मध्येच नव्या पिसवा दिसल्या तर घाबरू नये, त्या जुन्या कोशांतल्या आहेत. बहुतेक घरे इथेच कंटाळतात. पिसू गिळल्याने कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतात, तेव्हा जंताच्या गोळीचेही विचारून घ्यावे.

कडुलिंबाच्या पाल्याला आमचा विरोध नाही, पण नुसत्या पाल्याने कोश मरत नाहीत. रॉकेल, फिनाइल किंवा शेतातले कीटकनाशक जनावराच्या अंगाला लावणे हा मात्र शुद्ध अविचार आहे. परमेथ्रिन असलेले कुत्र्याचे औषध मांजराला लावले तर मांजर दगावू शकते. डबीवरचे बारीक अक्षर वाचायला चष्मा शोधावा लागला तरी शोधावा.

पाळलेले जनावर उपाशी-तहानलेले राहील अशा रीतीने विनाकारण सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याची भीती घालण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. तो मुलगा शाळा सुटल्यावर अजून बायपासकडे सायकल वळवतो आणि ते त्याच्या घरी माहीत नाही, म्हणून लिहीत आहोत.

ज्यांच्या घरी हा त्रास आहे त्यांनी संकोच न करता वर्गशिक्षकांना सांगावे. पाय चावले म्हणून कोणाला वर्गात वेगळे बसवले जाणार नाही, ही आमची जबाबदारी. आणि जनावर नकोसे झालेच, तर बायपासला नेण्याआधी एकदा आमच्याकडे यावे.