वसतिगृहाची पंगत

महाविद्यालयांच्या प्रवेशयाद्या लागल्या, राखीव जागा नियमानुसार भरल्या गेल्या आणि तसा अहवाल खात्याकडे रवाना झाला, म्हणजे समतेचे कर्तव्य पार पडले, असा समज आपल्या शिक्षणसंस्थांत दृढ झालेला आहे. परंतु धडगाव किंवा भामरागडहून जातीचा दाखला घेऊन पुण्यास आलेल्या मुलाने राहावयाचे कोठे, जेवावयाचे कोणाबरोबर आणि अडलेले गणित रात्री विचारावयाचे कोणाला, या प्रश्नांची उत्तरे प्रवेशयादीत नसतात. ती वसतिगृहात असतात, आणि महाराष्ट्राला ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच उमगली होती.

शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या, हे सर्वांस ठाऊक आहे. मात्र त्या जागांस लायक माणसे तयार व्हावयाची तर खेड्यातील मुलाला शहरात आधी आसरा मिळाला पाहिजे, हे ओळखून त्यांनी मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजाच्या वसतिगृहांना राजाश्रय दिला, याचे स्मरण आपण तितकेसे ठेवलेले नाही. सहभोजन हाच अधर्म मानण्याच्या त्या काळात ती वसतिगृहे जातवार निघाली, आणि पहिले पाऊल म्हणून ते योग्यच झाले.

दुसरे पाऊल टाकणारा विद्यार्थी त्याच कोल्हापुरात शिकत होता. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास भाऊराव पाटलांनी साफ नकार दिला आणि त्यापायी आपल्या वसतिगृहातील जागा गमावली. त्याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका चुलीवरचे अन्न एका पंगतीत जेवू लागली, अंगमेहनतीची कामे मिळून करू लागली. १९२७ साली गांधीजींनी त्याला शाहू छत्रपतींचे नाव दिले, आणि मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले.

आज आपण मागे फिरून पहिल्याच पावलावर उभे आहोत. समाजकल्याण, आदिवासी विकास, बहुजन कल्याण ही खाती निराळी, त्यांची वसतिगृहे निराळी. आणि तेथे जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार किंवा स्वयं योजनेची रक्कम. ही रक्कम अत्यावश्यक आहे व ती वेळेवर मिळालीच पाहिजे. पण आडनाव ऐकून खोली नाकारणाऱ्या घरमालकापुढे ती काय करणार? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली भेदभावविरोधी अधिकारी नेमण्याचे बंधन घातले, तेही हितावह. तथापि हा अधिकारी त्याच संस्थेतील प्राध्यापक असताना, अंतर्गत गुणांच्या धास्तीत वावरणाऱ्या मुलीने त्याच्या दारी जावे, ही अपेक्षा धारिष्ट्याची आहे. आणि दिव्यांगांना २०१६ च्या कायद्याने पाच टक्के जागा मिळाल्या, पण वाचनालय दुसऱ्या मजल्यावर असून उद्वाहन नसेल तर त्या जागेस अर्थ कोणता?

यास्तव आमची सरकारकडे स्पष्ट मागणी आहे, की या सर्व खात्यांनी आपापल्या तरतुदी एकत्र करून, प्रत्येक वर्गाच्या जागांचे प्रमाण तिळमात्र कमी न करता, महाविद्यालयांच्या आवारातच सामायिक वसतिगृहे बांधावीत, खोल्यांचे वाटप चिठ्ठ्या टाकून करावे, भोजनगृह एकच ठेवावे, आणि या कामाची पहिली तजवीज येत्या अर्थसंकल्पातच व्हावी.