युवक सेवेची चार दारे, गावाला उत्तरदायी कोण?

वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव जुलै २०२२ मध्ये राज्यभर चर्चेत आले, ते पुरामुळे. अतिवृष्टीने गावात पाणी शिरले, संसार भिजले, अनेक कुटुंबांना सुरक्षित ठिकाणी हलवावे लागले. बाहेरून मदत पोहोचेपर्यंतच्या पहिल्या काही तासांत कोणत्याही गावाची भिस्त असते ती तेथील तरुणांवर. पाणी ओसरले की पंचनामे होतात, नुकसानभरपाईच्या याद्या तयार होतात. परंतु या तरुणांची यादी कोणी ठेवायची, त्यांना प्रशिक्षण कोणी द्यायचे आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांना हाक कोणी मारायची, याचे उत्तर एका कार्यालयात मिळत नाही. हा प्रश्न एकट्या कुरुंद्याचा नाही. युवकांसाठीच्या शासकीय कामाची रचनाच तशी आहे.

चार स्वतंत्र वाटा

आज हे काम प्रामुख्याने चार वाटांनी चालते. पहिली वाट केंद्राची. महाविद्यालयाबाहेरील ग्रामीण तरुणांना संघटित करण्यासाठी १९७२ मध्ये नेहरू युवा केंद्रे सुरू झाली आणि १९८७ मध्ये त्यांची स्वायत्त संघटना झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने ‘मेरा युवा भारत’ ही नवी संस्था स्थापन केली; जिल्ह्यांतील जुनी केंद्रे आता त्याच नावाने ओळखली जातात.

दुसरी वाट राष्ट्रीय सेवा योजनेची. १९६९ मध्ये सुरू झालेली ही योजना विद्यापीठामार्फत चालते. हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा द्यायची आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर करायचे, असा तिचा शिरस्ता आहे.

तिसरी वाट राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाची. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे व्यायामशाळा व क्रीडांगणांची अनुदाने, स्पर्धा, युवा महोत्सव आणि जिल्हा युवा पुरस्कार ही कामे असतात. नावात ‘युवक सेवा’ असली, तरी वर्षभराचे वेळापत्रक शालेय क्रीडा स्पर्धांनीच व्यापलेले असते.

चौथी वाट कौशल्य विकास विभागाची. जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी उत्तीर्णास सहा हजार, आयटीआय वा पदविकाधारकास आठ हजार आणि पदवीधरास दहा हजार रुपये विद्यावेतन देऊन तरुणांना शासकीय कार्यालये व खासगी आस्थापनांत काम देण्यात आले. सहा महिन्यांची मुदत पुढे ११ महिन्यांपर्यंत वाढविण्यात आली. ती संपल्यावर पुढे काय, या प्रश्नावर प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले.

या चार वाटांत ‘युवक’ कोण, यावरही एकमत नाही. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणानुसार तो १५ ते २९ वर्षांचा, राज्याच्या २०१२ च्या युवा धोरणानुसार १३ ते ३५ वर्षांचा आणि प्रशिक्षण योजनेत १८ ते ३५ वर्षांचा. बत्तीस वर्षांचा ग्रामस्थ मुंबईच्या लेखी तरुण असतो, दिल्लीच्या लेखी नसतो.

मोजदाद कशाची?

देखरेखीची व्यवस्था नाही, असे म्हणता येणार नाही. नेहरू युवा केंद्रांच्या कामासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समितीची तरतूद होती. जिल्हा क्रीडा परिषदेचे अध्यक्षही जिल्हाधिकारीच. राष्ट्रीय सेवा योजनेसाठी विद्यापीठाची समिती आहे. अडचण अशी की, प्रत्येक यंत्रणा आपापल्या वरिष्ठांकडे अहवाल पाठविते आणि अहवालात मोजले जातात ते कार्यक्रम, उपस्थिती आणि ऑनलाइन नोंदणीचे आकडे. शिबिरानंतर गावात काय उरले, किती तरुण वर्षभर टिकले, हे विचारणारा रकाना क्वचितच असतो.

नेहरू युवा केंद्राच्या रचनेत एका तालुक्यामागे साधारण दोन राष्ट्रीय युवा स्वयंसेवक असत आणि त्यांना महिना पाच हजार रुपये मानधन मिळे. वसमतसारख्या शंभराहून अधिक गावांच्या तालुक्यात दोन स्वयंसेवकांनी किती गावांना भेटी द्यायच्या? राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी हा मुळात प्राध्यापक. हे काम त्याच्याकडे जादा जबाबदारी म्हणून येते. त्यातून दहावीनंतर शिक्षण सोडून पुणे-नांदेडच्या वाटेला लागलेला किंवा ऊसतोडीला जाणारा तरुण या योजनेच्या कक्षेतच येत नाही. पुरस्कारासाठी संस्था नोंदणीकृत असावी लागते. गावोगावची मंडळे मात्र बहुधा बिगर-नोंदणीची असतात, कारण धर्मादाय कार्यालयातील हिशेब आणि बदल अर्जांचा जाच त्यांना नको असतो.

पंचायतीचा हात रिकामा

खरी मेख याहून खोल आहे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाचे २९ विषय आहेत. त्यांत ग्रंथालये आहेत, सांस्कृतिक उपक्रम आहेत, महिला व बालविकास आहे. युवक कल्याण वा क्रीडा हा स्वतंत्र विषय नाही. म्हणजे तरुण ज्या गावात राहतो, त्या गावाच्या पंचायतीकडे त्याच्यासाठीचे काम नेमून दिलेलेच नाही.

इंग्लंडमध्ये तरुणांसाठी सेवा उपलब्ध करण्याचे दायित्व कायद्याने स्थानिक प्रशासनावर टाकले आहे. तेथेही २०१० नंतरच्या निधीकपातीत अनेक युवा केंद्रे बंद पडली, त्यामुळे केवळ कायदा पुरेसा नाही हे खरे. तरीही केंद्र बंद पडले की जाब कोणाला विचारायचा, हे तेथील नागरिकाला ठाऊक असते. कुरुंद्यातील नागरिकाला ते ठाऊक असण्याची सोयच नाही.

निमित्त आपत्ती प्रशिक्षणाचे

केंद्राची ‘युवा आपदा मित्र’ योजना या दृष्टीने महत्त्वाची ठरते. राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, नेहरू युवा केंद्र आणि स्काउट-गाइड यांच्या २ लाख ३७ हजार स्वयंसेवकांना ३१५ आपत्तीप्रवण जिल्ह्यांत प्रशिक्षण देण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. चार वेगळ्या संघटना एका कामासाठी एकत्र आणण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. परंतु प्रशिक्षित तरुणांची नावे पोर्टलवरच राहिली आणि ग्रामपंचायत, तलाठी व पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचली नाहीत, तर पुराच्या रात्री तिचा उपयोग होणार नाही.

त्यासाठी नवी योजना नको. जिल्हाधिकाऱ्यांनी चारही यंत्रणांची एकत्रित आढावा बैठक ठरावीक मुदतीत घ्यावी, ग्रामपंचायत विकास आराखड्यात युवकांसाठी स्वतंत्र भाग असावा आणि स्वयंसेवकांची यादी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेत वाचली जावी. या तीन गोष्टींना नवा कायदा लागत नाही. लागते ती प्रशासकीय इच्छा. ग्रामसभेत नाव वाचले गेले, की त्या तरुणाला आपली जबाबदारी कळेल आणि त्याला प्रशिक्षण मिळाले की नाही, हे विचारण्याचा अधिकार गावालाही मिळेल.