जाहिरातीतले 'अॅव्हरेज' आणि पंपावरचे बिल

विशेष प्रतिनिधी, पुणे

नवी मोटार घ्यायला निघालेले कुटुंब शोरूममध्ये शिरले, की रंग, आसने, संगीतयंत्रणा यांची चौकशी नंतर होते. पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'अॅव्हरेज किती देते?' विक्रेताही त्याचे उत्तर दशांश चिन्हासह देतो. मारुती सुझुकीची अर्टिगा (पेट्रोल, मॅन्युअल गिअर) लिटरला २०.५१ किलोमीटर आणि टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड २३.२४ किलोमीटर. दशांश चिन्हापुढचे ते दोन अंक ऐकणाऱ्याच्या मनात विश्वास निर्माण करतात. इतके नेमके सांगतात, त्या अर्थी मोजूनच सांगत असणार, असे त्याला वाटते.

आकडा मोजूनच सांगितलेला असतो, हे खरे आहे. मात्र चार-सहा महिन्यांनी पंपावरच्या पावत्या जुळवताना तो कुठेच सापडत नाही. मग गॅरेजच्या फेऱ्या सुरू होतात, चालवणाऱ्याच्या सवयींवरून घरात वाद होतात आणि कंपनीने फसवले अशी खात्री पटते. वास्तविक बहुतेक वेळा दोष गाडीत नसतो, चालकातही नसतो. आकडा ज्या परिस्थितीत काढला गेला, ती परिस्थिती त्या कुटुंबाच्या वाट्याला कधी येतच नाही. सात आसनी कौटुंबिक गाडीच्या बाबतीत तर हे अंतर अधिकच रुंदावते.

या गाड्यांनी गेल्या पंचवीस वर्षांत मध्यमवर्गीय घरात आपले स्थान पक्के केले आहे. २००० मध्ये क्वालिस आली, २००५ मध्ये तिची जागा इनोव्हाने घेतली. २०१२ मध्ये अर्टिगाने सात आसने तुलनेने लहान गाडीत बसवून दाखवली. त्यापाठोपाठ २०१९ मध्ये ट्रायबर, २०२२ च्या प्रारंभी कॅरेन्स आणि त्याच वर्षाच्या अखेरीस इनोव्हा हायक्रॉस बाजारात आली. आजी-आजोबांसह गावी जायचे, गणपतीला कोकण गाठायचे आणि एरवी त्याच गाडीने कार्यालयात जायचे, अशी ही दुहेरी गरज आहे. दोन्ही कामांत इंधन किती जाते, यावर या गाडीचे अर्थकारण उभे असते.

आकडा येतो कुठून?

बोलीभाषेत या आकड्याला 'एआरएआयचे अॅव्हरेज' म्हटले जाते. एआरएआय म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. १९६६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था पुण्यातच, कोथरूडच्या वेताळ टेकडीवर आहे. देशातल्या इतर मान्यताप्राप्त संस्थाही ही चाचणी घेतात. पण लोकांच्या तोंडी नाव बसले आहे ते या संस्थेचेच.

ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडीची चाके प्रयोगशाळेतल्या रुळांवर ठेवली जातात आणि ठरवून दिलेल्या आलेखाप्रमाणे वेग वाढवला व कमी केला जातो. सुधारित भारतीय चालन चक्र (एमआयडीसी) असे या आलेखाचे नाव आहे. ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांपेक्षाही कमी वेळ ही चाचणी चालते. त्यात अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास, सरासरी वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर आणि कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. वातानुकूलन यंत्रणा बंद असते. चढ नसतो, वारा नसतो, खड्डे नसतात. जळलेले पेट्रोल थेट मोजले जात नाही. धुरातून बाहेर पडलेल्या कार्बनवरून त्याचा हिशेब केला जातो.

या पद्धतीत लबाडी काही नाही. सर्व कंपन्यांच्या गाड्या एकाच मापाने मोजता याव्यात, यासाठी ती आखली आहे आणि तुलनेपुरती ती उपयोगी आहे. अडचण अशी, की तुलनेसाठी काढलेला आकडा जाहिरातीत आश्वासनाच्या रूपात अवतरतो. ज्या टेकडीवर चाचणी होते, तिच्या पायथ्याशी पौड रस्ता आणि कर्वे रस्ता आहे. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकानुसार पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटांहून अधिक वेळ लागला. हा वेग ताशी जेमतेम १८ किलोमीटर होतो. प्रयोगशाळेतला सरासरी वेग याच्या पाऊणपट अधिक आहे.

दुसऱ्या टोकाला महामार्ग आहेत. जून २०२५ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० वरून १२० वर गेल्यास तो सुमारे पावणेदोन पट होतो. उंच आणि रुंद अशा सात आसनी गाडीला हा विरोध बुटक्या सेडानपेक्षा अधिक जाणवतो. थोडक्यात, शहरात गाडी चाचणीपेक्षा हळू चालते आणि महामार्गावर चाचणीपेक्षा वेगाने. दोन्हीकडे इंधन जास्तच लागते.

सात माणसे, एसी आणि टपावरचे सामान

चाचणीतली गाडी पूर्ण भरलेली नसते. कुटुंब मात्र सात आसनी गाडी घेते ते सातही आसने भरण्यासाठी. सरासरी ६५ किलो वजनाची सात माणसे म्हणजे ४५५ किलो, शिवाय सामान. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना या वजनाचा फारसा भार वाटत नाही. पण सिग्नलमागून सिग्नल असलेल्या रस्त्यावर प्रत्येक वेळी ते वजन नव्याने हलवावे लागते आणि घाटात ते वर चढवावे लागते.

वातानुकूलनाचा खर्च तर चाचणीत धरलेलाच नसतो. अमेरिकी सरकारच्या इंधनविषयक माहितीनुसार, अतिशय उष्ण हवेत एसीचा वापर केल्यास, विशेषतः छोट्या फेऱ्यांमध्ये, इंधन कार्यक्षमता २५ टक्क्यांहूनही अधिक घसरू शकते. मे महिन्यातल्या नागपुरात किंवा छत्रपती संभाजीनगरात उन्हात उभी केलेली सात आसनी गाडी थंड करायची, तर तीनही रांगांमधली हवा थंड करावी लागते. त्याच माहितीनुसार, टपावर सामानाची मोठी पेटी बांधल्यास महामार्गाच्या वेगाला १० ते २५ टक्के कार्यक्षमता कमी होऊ शकते. सुट्टीत कॅरिअरवर ताडपत्रीने बांधलेल्या बॅगा घेऊन निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता इथेनॉलचीही भर पडली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे मूळचे २०३० चे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्येच गाठले. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणात, ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांत एक ते दोन टक्के आणि इतर गाड्यांत तीन ते सहा टक्के घट मान्य केली होती. उसाला नवा ग्राहक मिळाला आणि तेलाची आयात घटली, हे या धोरणाचे लाभ आहेत आणि महाराष्ट्राच्या साखरपट्ट्याला ते ठाऊक आहेत. पण पंपावरचा दर त्या प्रमाणात उतरलेला नाही. ही घट मोटारमालकाच्याच खिशातून जाते.

फरक किती रुपयांचा?

युरोपातही पूर्वी अशीच पद्धत होती. भारतीय चक्र तिच्याच नमुन्यावर बेतलेले आहे, फक्त वरचा वेग १२० ऐवजी ९० केला आहे. आंतरराष्ट्रीय स्वच्छ वाहतूक परिषदेच्या (आयसीसीटी) अभ्यासानुसार, जाहीर आकड्यापेक्षा युरोपातील नव्या मोटारींचा प्रत्यक्ष इंधनवापर २००१ मध्ये सुमारे ९ टक्के जास्त होता. २०१५ पर्यंत ही तफावत ४२ टक्क्यांवर गेली. नियम तेच राहिले आणि कंपन्या परीक्षेपुरता अभ्यास करण्यात तरबेज होत गेल्या.

ही ४२ टक्क्यांची तफावत नमुन्यादाखल २०.५१ या आकड्याला लावून पाहू. वर्षाला १२ हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीला कागदावर ५८५ लिटर पेट्रोल लागते. तफावत धरल्यास ८३१ लिटर. हिशेबाच्या सोयीसाठी लिटरला १०० रुपये धरले, तर वर्षाला २४ हजार ६०० आणि पाच वर्षांत सव्वा लाखाच्या आसपास जादा खर्च होतो. प्रत्येक गाडीत नेमकी इतकीच तफावत येईल, असे मुळीच नाही. पण मासिक हप्त्याची आखणी करणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने प्रश्न किती मोठा आहे, हे यावरून समजते.

हायब्रिडच्या निवडीत तर हा प्रश्न निर्णायक ठरतो. इनोव्हा हायक्रॉसच्या साध्या पेट्रोल मॉडेलचा जाहीर आकडा १६.१३ आहे, हायब्रिडचा २३.२४. वर्षाला १२ हजार किलोमीटरसाठी अनुक्रमे ७४४ आणि ५१६ लिटर पेट्रोल लागेल. म्हणजे बचत २२८ लिटरची, वर्षाला २२ हजार ८०० रुपये. दोन मॉडेलांच्या किमतीतला फरक पाच लाख धरला, तर तो वसूल व्हायला जवळपास २२ वर्षे लागतील. वर्षाला ३० हजार किलोमीटर धावणाऱ्याला तेच नऊ वर्षांत जमेल.

पण प्रत्यक्षात दोन्ही आकडे सारख्या प्रमाणात घसरत नाहीत. गर्दीत ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा हायब्रिड गाडी बॅटरीत साठवते आणि सिग्नलला तिचे इंजिन बंद असते; साध्या पेट्रोल गाडीला गर्दीचा फटका पूर्ण बसतो. समजा, शहरात साधी गाडी दहा आणि हायब्रिड सोळा किलोमीटर देऊ लागली. दोघींमधले अंतर सातवरून सहा किलोमीटरवर आले, म्हणजे हायब्रिडचा फायदा कमी झाला, असे वाटेल. हिशेब उलट सांगतो. १२ हजार किलोमीटरसाठी आता १२०० विरुद्ध ७५० लिटर लागतील आणि बचत ४५० लिटर, म्हणजे जवळपास दुप्पट होईल. महामार्गावर एकसारख्या वेगाने धावताना मात्र हायब्रिडचा हा लाभ आटतो. म्हणून कर्वे रस्त्यावर रोज अडकणाऱ्याचा आणि समृद्धीवरून नागपूरला जाणाऱ्याचा निर्णय एकाच आकड्यावरून करता येत नाही.

'लिटरला किती किलोमीटर' हे आपल्या अंगवळणी पडलेले मापच इथे दिशाभूल करते. खर्च समजायचा तर 'शंभर किलोमीटरला किती लिटर' असे विचारायला हवे. युरोपात तीच पद्धत आहे.

जगाने काय केले?

अमेरिकेने २००८ च्या मॉडेलांपासून आकडा काढण्याची पद्धत बदलली. जास्त वेग, एसी आणि थंडी यांचा परिणाम त्यात धरला. अनेक गाड्यांचे जाहीर आकडे त्यामुळे उतरले, पण ते वास्तवाच्या जवळ आले. युरोपने २०१७ पासून डब्ल्यूएलटीपी ही अर्ध्या तासाची, ताशी १३१ किलोमीटरपर्यंत जाणारी चाचणी आणली. त्यावर न थांबता नव्या गाड्यांत प्रत्यक्ष इंधनवापराची नोंद ठेवणारे यंत्र सक्तीचे केले. २०२१ च्या गाड्यांच्या त्या नोंदी युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केल्या. पेट्रोल आणि डिझेल गाड्यांची तफावत सुमारे २० टक्के निघाली. तफावत संपली नाही. पण ती किती आहे, हे नागरिकांना कळले.

भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ च्या मसुद्यात एप्रिल २०२७ पासून डब्ल्यूएलटीपी लागू करण्याचा प्रस्ताव ठेवला. हे पाऊल योग्य आहे. मात्र नवी चाचणीही अखेर प्रयोगशाळेतच होणार आहे. युरोपप्रमाणे रस्त्यावरची नोंद ठेवून ती जाहीर करण्याची तरतूद नसेल, तर काही वर्षांत कंपन्या नव्या परीक्षेतही तरबेज होतील. हा केवळ ग्राहकाचा प्रश्न नाही. कंपन्यांवरचे सरासरी इंधनवापराचे ('कॅफे') बंधन याच चाचण्यांवरून तपासले जाते. देश आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. चाचणीत वाचलेले तेल रस्त्यावर वाचत नसेल, तर परकीय चलनाची बचतही कागदावरच राहते.

दाद मागण्याचा मार्ग अगदीच बंद नाही. केरळमधल्या त्रिशूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाने २०२२ मध्ये एका डिझेल मोटारीच्या ग्राहकाला तीन लाखांहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. लिटरला ३२ किलोमीटरचा दावा असताना तज्ज्ञाच्या चाचणीत गाडीने २० पेक्षाही कमी दिले होते. पण गाडी २०१४ मध्ये घेतलेली होती. न्याय मिळायला आठ वर्षे लागली, आणि प्रत्येक कुटुंबाकडे इतकी चिकाटी नसते.

तोवर ग्राहकाच्या हाती एकच खात्रीचा उपाय आहे. एकाच पंपावर टाकी आपोआप तुटेपर्यंत भरावी, किलोमीटरची नोंद करावी, नेहमीसारखी गाडी चालवून पुन्हा तशीच भरावी आणि धावलेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागावे. असे सलग तीन-चार वेळा केले, की स्वतःचा आकडा हाती येतो. गाडी घेण्यापूर्वी तो मिळवायचा असेल, तर त्याच मॉडेलच्या, आपल्यासारखाच रोजचा प्रवास असणाऱ्या दोन-तीन मालकांच्या नोंदी मागाव्यात. शोरूममध्येही प्रश्न थोडा बदलून विचारावा : 'अॅव्हरेज किती देते?' ऐवजी 'एसी लावून, सात माणसे घेऊन किती देते?' याचे उत्तर विक्रेत्याकडे आज नाही, कारण ते देण्याचे बंधन कोणावर नाही. ते बंधन घालणे सरकारच्या हातात आहे.