संकठा घाटावरून दिसणारे जग

परराष्ट्र धोरणाशी रुळांवर राबणाऱ्या गँगमनचा किंवा सॉर्टिंगवर रात्र काढणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याचा काय संबंध, असा प्रश्न आमच्या एका सभेत विचारला गेला. विचारणारे बंधू जुने कार्यकर्ते आहेत, तेव्हा उत्तर टाळून चालणार नाही.

काशीत संकठादेवीच्या देवळाखालच्या संकठा घाटावर उभे राहिले, की एका अंगाला शिंदे घाट दिसतो आणि दुसऱ्या अंगाला थोड्या अंतरावर नागपूरकर भोसल्यांचा घाट. मराठी माणसाचा ऊर भरून येतो. आमचाही आला. परंतु हे विसरता येत नाही, की पायऱ्या मराठ्यांनी बांधल्या तरी काशीवर राज्य मराठ्यांचे कधीच झाले नाही. काशी-प्रयाग आपल्या अमलाखाली यावेत ही पेशव्यांची मोठी आकांक्षा होती. तो मुलूख मात्र अयोध्येच्या नवाबाचा होता.

पानिपतापूर्वी नवाब शुजाउद्दौला कोणाच्या बाजूने जाणार, हा मोठा प्रश्न होता. त्याचा बाप सफदरजंग १७५२ साली मराठ्यांशी करार करून बसला होता. शुजा स्वतः शिया, अब्दाली सुन्नी. तरी तो अब्दालीला मिळाला. हे निव्वळ धर्माचे प्रकरण होते असे सांगणारे आजही भेटतात. वास्तववादी म्हणवणारे अभ्यासक निराळे उत्तर देतील. हान्स मॉर्गेन्थाऊ यांनी १९४८ साली मांडले, की राज्ये आपले हित सत्तेच्या मापाने मोजतात. केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ साली पुढचे सांगितले: राज्यांच्या डोक्यावर कोणी फौजदार नसतो, म्हणून ज्याने त्याने आपला बंदोबस्त आपणच करायचा असतो. शुजाच्या जागी बसून पाहा. अब्दाली आज ना उद्या काबूलकडे परतणार होता. मराठे परतणारे नव्हते, आणि त्यांना हवी होती ती त्याचीच काशी. इथे वास्तववाद्यांचे म्हणणे आम्हांस पटते.

पुढे मात्र त्यांचे गणित अडते. १७७५ साली बनारस कंपनीच्या हाती गेले. १७८० च्या सुमारास नाना फडणविसांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एकत्र आणून इंग्रजांविरुद्ध फळी उभारली. बलाढ्याविरुद्ध बाकीच्यांनी एक व्हावे, हे तर सत्तासमतोलाच्या सिद्धांताचे पहिले कलम. पण वॉरन हेस्टिंग्जने भोसल्यांना पैसे देऊन गप्प बसवले आणि फळीला भगदाड पडले. (संघटनेत आयुष्य घालवलेल्या वाचकांस हा प्रकार नवा वाटणार नाही.) त्याच लढायांच्या खर्चासाठी हेस्टिंग्ज १७७८ पासून बनारसच्या राजा चेतसिंगाकडे ठरल्या खंडणीवर दर साल पाच लाख जादा मागत होता. ऑगस्ट १७८१ मध्ये तो राजाला अटक करायला जातीने काशीत आला, तेव्हा शहर उठले, त्याचे शिपाई मारले गेले आणि साहेबाला चुनारच्या किल्ल्याकडे पळावे लागले.

सिद्धांताच्या पुस्तकात राज्य म्हणजे बुद्धिबळाचे एक अखंड प्यादे असते. ते हलवण्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हे तिथे विचारले जात नाही. तो प्रश्न दुसऱ्या परंपरेने विचारला, आणि तिचा एक आद्य पुरुष आपल्या मुंबईचा होता. दादाभाई नौरोजींनी १९०१ च्या ग्रंथात हिंदुस्थानची संपत्ती कशी वाहून जाते याचा हिशेब मांडला. लॅटिन अमेरिकेतील अभ्यासकांनी परावलंबनाचा सिद्धांत मांडला तो कितीतरी नंतर. १८५३ साली बोरीबंदरहून गाडी सुटली, तेव्हा रेल्वे कंपनीच्या भागधारकांना पाच टक्क्यांची हमी होती. तोटा आला तर तो या देशाच्या तिजोरीवर.

पण सत्ता आपली झाली म्हणजे प्रश्न मिटतो काय? ८ मे १९७४ रोजी रेल्वेचा संप सुरू झाला. हजारो कामगार तुरुंगात, कुटुंबे क्वार्टरमधून बाहेर. संपाच्या ऐन मध्यावर, १८ मे रोजी, पोखरणला अणुचाचणी झाली. वास्तववादी म्हणतील, राष्ट्राचे बळ वाढले. वाढलेही असेल. ज्या लोको कामगाराने आठ तासांचा दिवस मागितला, तो त्या राष्ट्रात मोजला जात होता की नाही, एवढेच आम्ही विचारतो.

आता टपालाकडे वळू. राज्ये केवळ भांडत नाहीत, नियम करून नांदतातही, असे म्हणणारा तिसरा पंथ आहे. त्याचा उत्तम दाखला आपल्याच खात्यात सापडतो. १८७४ साली बर्न येथे जागतिक टपाल संघ निघाला आणि १८७६ साली हिंदुस्थान त्यात आला. एका देशाचे तिकीट लावलेले पाकीट दुसऱ्या देशाचा पोस्टमन घरपोच करतो. महायुद्धे आली-गेली तरी ही व्यवस्था टिकली. तथापि बलवानाने रुसून दाखवले की नियम वाकतात. २०१८ साली अमेरिकेने संघ सोडण्याची नोटीस दिली आणि पुढल्याच वर्षी जिनिव्हाच्या खास अधिवेशनात तिला दरांबाबत सवलत मिळाली.

२०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने स्वस्त पार्सलांवरील जकातमाफी काढून घेतली. जकात कोणी, कशी गोळा करायची याचा पत्ता नव्हता, म्हणून आपल्या खात्याने तिकडचे बुकिंग थांबवले. दिवाळीच्या फराळाचे डबे घेऊन आलेल्या आईवडिलांना तोंड कोणी दिले? काउंटरवरच्या भगिनींनी. निर्णय वॉशिंग्टनचा, खुलासा दिल्लीचा, आणि ऐकून घेणारी ती. बुकिंग १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाले, तेव्हा दिवाळी आठवड्यावर आली होती आणि चकल्यांना अजून समुद्र ओलांडायचा होता.