ओसरीवरून : आजींनी पकडलेली चूक

बाळापुरात मे महिन्याची दुपार घराबाहेर पाऊल टाकू देत नाही, आणि विदर्भातील शाळा उघडतात जूनअखेर. किल्ला व मिर्झाराजांची छत्री सकाळीच पाहून होते; पुढे मुलांनी करावे काय? यंदा आमच्या सहावीतील पुतणीस संगणकाची शिकवणी लावण्याचा विषय घरात निघाला. फीचा आकडा ऐकून वडीलबंधूंनी चष्मा काढून पुसला. आधी घरीच एखादा खेळ रचून पाहावा, असे आम्ही सुचविले.

अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेने २००७ साली ‘स्क्रॅच’ नावाची भाषा मुलांकरिता विनामूल्य खुली केली. तीत आज्ञा लिहावयाच्या नसतात. रंगीत ठोकळ्यांप्रमाणे एकीस एक जोडावयाच्या असतात. पुतणीने खेळ रचला तो असा : यंत्राने १ ते १०० मधील एक संख्या मनात धरावी, आपण ओळखावी, आणि चुकल्यास यंत्राने ‘मोठी’ किंवा ‘लहान’ असे सांगावे. संख्या साठविण्याची पेटी, ‘जर-तर’ची अट आणि पुनःपुन्हा करावयाची आज्ञा, एवढेच साहित्य, परंतु मोठमोठ्या आज्ञावलींचा पायाही हाच.

पहिला डाव आमच्या मातोश्रींनी घेतला. त्या प्रत्येक वेळी उरलेल्या संख्यांचा मध्य काढीत. ५० म्हणताच यंत्र म्हणाले, ‘मोठी’. ७५, लहान, ६२, मोठी, ६८, मोठी, ७१, लहान, ६९, लहान!

“आजी, तू चुकलीस,” पुतणी म्हणाली.

“अडुसष्टाहून मोठी आणि एकोणसत्तराहून लहान संख्या कोणत्या पाढ्यात असते गं? तुझं यंत्र दर खेपेस आकडा बदलतं.”

पोर रडकुंडीस आली. ठोकळा सरकविण्यास आमचा हात शिवशिवत होता, पण मातोश्रींनी डोळ्यांनीच दटावले. तासाभराने तिलाच उमगले : ‘संख्या निवड’ ही आज्ञा आवर्तनाच्या आत पडली होती, म्हणून प्रत्येक प्रश्नास नवी संख्या निघे. ती तिने आवर्तनापूर्वी ठेवली. तेव्हापासून मातोश्रींना सातांहून अधिक प्रश्न लागलेले नाहीत. दरवेळी निम्म्या संख्या गळाल्यावर शंभरांस सात पुरतात. (आम्हांस मात्र एकदा अकरा लागले.)

गणिताच्या वहीत अशी चूक लाल रेघेखाली निपचित पडून राहते. खेळात दुसरे माणूस खेळावयास बसते आणि ती चव्हाट्यावर येते, हा खेळाचा मोठाच गुण आम्हांस वाटला.

शिकवणीचा निर्णय लांबला आहे. पुतणी सध्या चिंचोक्यांचा खेळ रचीत आहे, आणि यंत्राने या वेळी लबाडी करू नये अशी मातोश्रींची ताकीद आहे.