जनरेटर केवढा घ्यावा?

जालन्यात नळाला पाणी यावं आणि नेमके तेव्हाच लाइट जावेत, हा अनुभव कुणाला नाही? म्हणून यजमान जनरेटर आणायला निघाले, तर आधी हिशेब तुम्ही मांडा. दिवे, पंखे, फ्रिज यांचे वॅट लिहा. एक हॉर्सपॉवरची पाण्याची मोटार चालताना साधारण हजार वॅट घेते. पण सुरू होताना क्षणभर तिप्पट ते सहापट ओढते. नुसत्या बेरजेवर घेतलेला जनरेटर तिथंच मान टाकतो! मोटार लावताना फ्रिज बंद ठेवा. दोन हजार वॅटचा गीझर तर त्यावर नकोच. आणि बायांनो, जनरेटर घरात कधीच नको. अंगणात, खिडक्यांपासून लांब ठेवा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच माणसं जातात.